एन्ड्युरन्स स्पर्धेतलं व्हेट गेट: घोड्याची तपासणी कशी होते आणि स्वाराने त्यासाठी काय शिकावं

पंधरा सेकंदांत सोळा ठोके. एन्ड्युरन्स, म्हणजे घोड्यावरून लांब अंतर कापायच्या स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक स्वाराला हा हिशेब पाठ हवा. मिनिटाला ६४ ही हृदयाच्या ठोक्यांची मर्यादा आहे. ठरलेल्या वेळेत ठोके तिच्या आत आले नाहीत, तर घोडा कितीही उमदा दिसत असला तरी त्याची स्पर्धा तिथेच संपते. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या नियमांत ही मर्यादा आहे. राष्ट्रीय संघटनांच्या स्पर्धांत ती आणि तिच्यासाठी मिळणारा वेळ थोडा वेगळा असू शकतो. म्हणून नियमपत्रक आधी वाचायचं, मग खोगीर कसायचं.

पण नुसता हा आकडा पाठ करून व्हेट गेट, म्हणजे टप्पा संपल्यावरची पशुवैद्यांची तपासणी, पार होत नाही. पशुवैद्य तुमच्या घोड्याला जेमतेम काही मिनिटं पाहतात. त्याआधीचे तीस किलोमीटर तो तुमच्या मांडीखाली असतो. तो कसा श्वास घेत होता, चढावर कुठे मंदावला, पाण्याला तोंड लावलं की नाही, हे फक्त तुम्हाला माहीत असतं. त्यामुळे पशुवैद्य जे जे तपासतात ते सगळं स्वाराला स्वतःला तपासता आलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी पदवी लागत नाही. एक स्टेथोस्कोप, एक घड्याळ आणि रोजची सवय पुरते.

आधी स्पर्धेची रचना

एफईआयच्या वर्गवारीत एक तारा म्हणजे १०० ते ११९ किलोमीटर, दोन तारे म्हणजे १२० ते १३९ आणि तीन तारे म्हणजे १४० ते १६० किलोमीटर. हे अंतर टप्प्यांत वाटलेलं असतं आणि कुठलाही टप्पा ४० किलोमीटरपेक्षा मोठा नसतो. प्रत्येक टप्प्यानंतर व्हेट गेट आणि त्यापाठोपाठ सक्तीची विश्रांती, जिला सगळे ‘होल्ड’ म्हणतात. याशिवाय स्पर्धेआधी एक तपासणी आणि शेवटची रेषा ओलांडल्यावर आणखी एक.

वेळेचा हिशेब नीट समजून घ्या, नवे स्वार इथेच गोंधळतात. टप्पा संपवून तुम्ही आत आलात की आगमनाची वेळ नोंदली जाते, पण घड्याळ थांबत नाही. घोड्याला तपासणीसाठी हजर करेपर्यंतचा वेळ तुमच्या धावण्याच्या वेळेतच धरला जातो आणि होल्ड त्यानंतर सुरू होतो. समजा, एक घोडा तीन मिनिटं आधी पोचला, पण त्याचे ठोके उतरायला नऊ मिनिटं लागली. मागून आलेला घोडा दोनच मिनिटांत तयार झाला. पुढच्या टप्प्यावर आधी बाहेर पडणार तो मागून आलेला. शेवटच्या दोन किलोमीटरांत घोडा पिटाळून काहीच हाती लागत नाही, याचं कारण हे.

पहिली पायरी: घरचे आकडे वहीत

स्पर्धेच्या किमान महिनाभर आधीपासून एक वही ठेवा. सकाळी, घोडा तबेल्यात शांत उभा असताना, त्याच्या डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावा. ‘लब-डब’ मिळून एक ठोका. दोन आवाज वेगवेगळे मोजून दुप्पट आकडा काढणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. विश्रांतीत निरोगी घोड्याचे ठोके साधारण २८ ते ४४ असतात, श्वास मिनिटाला ८ ते १६ आणि तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास. चांगल्या तयारीच्या घोड्याचा विश्रांतीत मधूनच एखादा ठोका गळतो. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही, मेहनत सुरू झाल्यावर तो प्रकार जातो. मेहनतीनंतरही ठोक्यांत अनियमितपणा जाणवला तर मात्र पशुवैद्यांना दाखवा.

या वहीचा खरा उपयोग सरावानंतरच्या नोंदींत आहे. वीस किलोमीटरांनंतर थांबल्यावर लगेच किती ठोके, पाच मिनिटांनी किती, दहा मिनिटांनी किती? ज्याचे ठोके एरवी पाच मिनिटांत ५२ वर येतात, तो एखाद्या दिवशी दहा मिनिटांनी ६० वर असेल, तर नियमाने तो पास आहे. तरीही त्याचं काहीतरी बिनसलेलं आहे. हा फरक ओळखणारं गेटवर तुमच्याशिवाय कुणी नसतं.

दुसरी पायरी: स्पर्धेआधीची तपासणी

इथे आधी ओळख पटवली जाते. पासपोर्ट, मायक्रोचिप आणि लसीकरणाच्या नोंदी पाहिल्या जातात, विशेषतः घोड्यांच्या इन्फ्लुएंझाची लस. मग ठोके, हिरड्या, आतड्यांचे आवाज, पाठ, पाय, खुरांची नाल आणि दुडकी चाल. खोगिराच्या जागी जुना व्रण असेल, एखादा पाय किंचित सुजलेला असेल, तर तो आपणहून दाखवा. तपासणीच्या कार्डावर त्याची नोंद झालेली असली की पुढच्या गेटवर तीच गोष्ट ‘नवी इजा’ म्हणून समोर येत नाही.

हे कार्ड दिवसभर तुमच्यासोबत असतं. बहुतेक ठिकाणी त्यावर ए, बी, सी अशा श्रेणी लिहितात. ए म्हणजे सगळं ठीक, बी म्हणजे थोडा फरक, सी म्हणजे काळजीचं. एखाद्याच रकान्यातली बी श्रेणी फारशी बोलत नाही. पहिल्या गेटवर ए, दुसऱ्यावर बी आणि तिसऱ्यावर बी-उणे अशी घसरण दिसली, तर घोडा तुम्हाला सावध करतो आहे.

तिसरी पायरी: गेटपर्यंतचे शेवटचे किलोमीटर आणि पाणी

शेवटचा दीड-दोन किलोमीटरचा पट्टा वेग उतरवून घ्या. बरेच अनुभवी स्वार उतरून, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, थोडा सैल करून घोड्यासोबत चालत आत येतात. पाठीवरचं ओझं गेलं की ठोके उतरू लागतात.

आत येताच घोड्याला पाणी प्यायला द्या. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, ही जुनी समजूत आता सोडून द्यायला हवी. जो घोडा आत्ता प्यायला तयार आहे, तो अर्ध्या तासाने तयार असेलच असं नाही.

मग अंगावर पाणी. काम करणाऱ्या स्नायूंमध्ये जी ऊर्जा खर्च होते तिचा फार मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ती उष्णता घोड्याच्या शरीरात साठलेली असेपर्यंत हृदय वेगानेच धावणार, कारण रक्त कातडीपर्यंत नेऊन थंड करण्याचं काम त्यालाच करायचं असतं. म्हणून ठोके उतरवायचे तर आधी घोडा थंड करायचा. मान, छाती, पायांची आतली बाजू आणि उन्हाळ्यात सगळं अंग, पाणी ओतत राहा. गार पाण्याने स्नायू आखडतात ही भीती खूप वर्षं होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या आधी उष्ण आणि दमट हवेतल्या घोड्यांवर मुद्दाम अभ्यास झाले आणि तापलेल्या घोड्यासाठी गार पाणी सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं दिसलं. पाणी निपटून काढण्यात वेळ घालवण्यापेक्षा पुन्हा पुन्हा ओतत राहणं जास्त महत्त्वाचं. हवा थंड आणि वारा बोचरा असेल तर मात्र मानेवर आणि छातीवर बेताने पाणी वापरा आणि पुठ्ठ्यावर, म्हणजे पाठीच्या मागच्या मांसल भागावर, झूल टाका. तिथले मोठे स्नायू गारठले तर पुढच्याच तपासणीत चाल आखडलेली दिसेल.

दमटपणाला हलक्यात घेऊ नका. हवेत बाष्प भरलेलं असलं की घाम नुसता गळतो, वाळत नाही. वाळला नाही तर शरीर थंडही होत नाही. १२ सप्टेंबर २०१८ रोजी अमेरिकेतल्या ट्रायन इथे जागतिक अश्वक्रीडा स्पर्धेतली एन्ड्युरन्स शर्यत याच कारणाने, उष्मा आणि दमटपणा धोक्याच्या पातळीला गेल्यामुळे, मध्येच रद्द करावी लागली. जगातले निवडक घोडे, अनुभवी चमू, तरीही हे झालं.

चौथी पायरी: ठोके दाखवणं

एफईआयच्या नियमांत मधल्या गेटवर आगमनापासून १५ मिनिटांत घोडा हजर करायचा असतो. शेवटच्या रेषेनंतर सर्वसाधारणपणे २० मिनिटं मिळतात. मधल्या गेटवर पहिल्या वेळी ठोके जास्त आले तर त्याच वेळेच्या आत आणखी एकदा दाखवता येतं. शेवटच्या तपासणीत मात्र एकच संधी. म्हणून तपासणीच्या रांगेत शिरण्याआधी स्वतः ठोके मोजा. ६४ वर डळमळत असलेल्या घोड्याला आत नेऊ नका. गर्दी, अनोळखी माणूस, शेजारच्या घोड्याची खिंकाळी, एवढ्यानेही चार ठोके वाढतात. ५६ ते ६० दिसले की निघा. तपासणीच्या जागेपर्यंत शांत चालत जा, घोड्याचं डोकं खाली राहू द्या, आणि त्या क्षणी त्याच्याशी लाडीगोडी, गवताची पेंढी, काहीही नको.

याच ठिकाणी आणखी एक चाचणी होते आणि माझ्या मते सगळ्या तपासणीत तिच्याइतकी बोलकी दुसरी नाही. केरी रिजवे या अमेरिकन पशुवैद्यांच्या नावाने ती ‘रिजवे ट्रॉट’ म्हणून ओळखली जाते. आधी ठोके मोजायचे. मग घोड्याला दुडकीने सुमारे ४० मीटर नेऊन परत आणायचं. दुडकी सुरू झाल्यापासून बरोबर एका मिनिटाने पुन्हा ठोके मोजायचे. पहिला आकडा ५६ आणि दुसरा ५६ किंवा ५२ असेल, तर घोड्यात अजून दम आहे. दुसरा आकडा चारापेक्षा जास्त ठोक्यांनी वाढला, समजा ६० चे ६८ झाले, तर पशुवैद्य थबकून पुन्हा पाहणारच. एवढ्याशा श्रमातून सावरायलाही शरीराला जड जात असेल, तर त्यामागे थकवा, पाण्याची कमतरता, अंगात साठलेली उष्णता किंवा कुठेतरी दुखणं असतं. दुखण्यानेही ठोके चढतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ही चाचणी घरी प्रत्येक मोठ्या सरावानंतर करत जा.

श्वासाला ठोक्यांसारखी ठाम मर्यादा बहुधा नसते, पण नोंद होते. श्वासांची संख्या ठोक्यांपेक्षा जास्त झाली, घोडा कुत्र्यासारखा धापू लागला, तर तो श्वासावाटे उष्णता बाहेर टाकण्याची धडपड करतो आहे. अशा वेळी तापमान घ्या आणि पाणी ओतणं सुरू ठेवा.

पाचवी पायरी: शरीरातल्या पाण्याचा अंदाज

इथे पशुवैद्यांची बोटं भराभर फिरतात. ओठ उचलून हिरडी पाहिली जाते. ती गुलाबी आणि ओलसर हवी. फिकी, विटकरी लाल किंवा कडेने जांभळट झालेली हिरडी चांगली नाही. हिरडीवर अंगठा दाबून सोडला की पडलेला पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. मानेच्या खोबणीतली मोठी शीर दाबून धरली की ती एक-दोन सेकंदांत फुगायला हवी. खांद्याच्या टोकाशी कातडीची चिमटी घेऊन सोडली की ती लगेच सपाट व्हायला हवी. म्हाताऱ्या घोड्याची कातडी मुळातच सैल असते, तेव्हा घरी ज्या जागी पाहता त्याच जागी पाहा.

या सगळ्यामागचं कारण समजलं की तपासणीचा अर्थ लागतो. कडक उन्हात जोरात धावणारा घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो. त्याचा घाम आपल्यासारखा पातळ नसतो. त्यात सोडियम, क्लोराइड आणि पोटॅशियम भरपूर असतं, क्लोराइड तर रक्तापेक्षाही जास्त. माणसाला घाम आला की रक्तातलं मिठाचं प्रमाण वाढतं आणि तहान लागते. घोड्याच्या शरीरातून पाण्याबरोबर क्षारही निघून जातात, म्हणून मेंदूला तहानेचा इशारा नीट मिळत नाही. परिणामी ज्या घोड्याला पाण्याची सर्वाधिक गरज आहे, तोच पाण्याकडे पाठ फिरवतो. ‘तहान नसेल’ म्हणून त्याला तसंच पुढे नेऊ नका.

मग पोट. दोन्ही कुशींवर वर आणि खाली, अशा चार जागी स्टेथोस्कोप ठेवून आतड्यांचे आवाज ऐकले जातात. गुडगुड, खळखळ, अधूनमधून मोठा गडगडाट, हे सगळं हवंच. धावताना रक्त स्नायूंकडे आणि कातडीकडे वळतं, आतड्यांच्या वाट्याला कमी येतं, त्यामुळे आवाज थोडे मंदावतात. चारही जागी शांतता असेल तर मात्र ते गंभीर आहे. एका स्पर्धेत मी मदतनीस होते तेव्हा एक घोडी ४८ ठोक्यांवर, कान टवकारून, झकास दुडकीने तपासणीतून गेली आणि तरी पशुवैद्यांनी तिला होल्डच्या शेवटी पुन्हा बोलावलं, कारण पोटात काहीच ऐकू येत नव्हतं. अर्ध्या तासाने तिने पुढच्या पायाने जमीन खरवडायला सुरुवात केली. त्या दिवसापासून मी ठोक्यांआधी पोट ऐकते.

सहावी पायरी: दुडकी चाल

कडक, सपाट जमिनीवर घोडा ४० मीटर सरळ जातो आणि परत येतो. सैल दोरी, चाबूक नाही, पाठीवर कुणी नाही. पशुवैद्य पाहतात तो डोक्याचा आणि पुठ्ठ्यांचा ताल. पुढचा पाय दुखत असला की तो जमिनीवर टेकताना डोकं वर उचललं जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा पाय दुखत असला की त्या बाजूचा पुठ्ठा दुसऱ्यापेक्षा जास्त वर-खाली होतो. दर पावलाला स्पष्ट दिसणारं लंगडणं म्हणजे बाद. शंका असेल तर एफईआय स्पर्धेत घोडा पुन्हा पळवतात आणि तीन पशुवैद्य आपापसांत चर्चा न करता स्वतंत्रपणे मत देतात.

धडधाकट घोड्यालाही चुकीच्या पळवण्याने लंगडा ठरवता येतं. दोरी हनुवटीशी आखडून धरली तर डोक्याची हालचाल दिसतच नाही, आणि वाकडं ओढलं तर ताल बिघडतो. घोड्याच्या डाव्या खांद्याशी राहा, नजर समोर ठेवा, मागे वळून त्याच्याकडे पाहू नका. टोकाला पोचल्यावर कदमावर आणा, त्याला तुमच्यापासून दूर, उजवीकडे ढकलत वळवा, सरळ उभा झाला की पुन्हा दुडकी. हे घरी रोज पाच मिनिटं करा. थकलेला घोडा अनोळखी जागी नवं काही शिकत नाही.

पाठ, तंगाची जागा आणि तोंडाचे कोपरे यांची तपासणीही इथेच होते. पाठीवर बोटांचा सपाट दाब दिला की घोडा दचकून खाली दबला, तर खोगीर बसत नाही किंवा स्वार एका बाजूला झुकतो आहे. होल्डमध्ये खोगिराखालचं कापड बदला. घामाचे वाळलेले क्षार कातडी सोलतात.

सातवी पायरी: होल्डमधली चाळीस मिनिटं

तपासणी पास झाली की आधी खाणं. भिजवलेलं गवत, ओला चोथा, जे त्याला घरी आवडतं ते. नवीन काहीच नको. भूक शाबूत असणं हीसुद्धा एक तपासणीच आहे. इलेक्ट्रोलाइट्स, म्हणजे क्षारांचं मिश्रण, पाणी पीत असलेल्या घोड्यालाच द्या. पाणी न पिणाऱ्या, सुकलेल्या घोड्याला घट्ट क्षार पाजले, तर ते आतड्यात आणखी पाणी ओढून घेतात आणि आहे ती परिस्थिती बिघडते.

होल्ड चालू असताना तीन गोष्टींवर डोळा ठेवा. एक, कुशीला हृदयाच्या ठोक्यागणिक बसणारा हिसका, ज्याला इंग्रजीत ‘थम्प्स’ म्हणतात. हृदयाजवळून जाणारी, श्वासपटलाला चालवणारी नस क्षारांच्या असंतुलनाने, विशेषतः कॅल्शियम कमी झाल्याने, इतकी हळवी होते की प्रत्येक ठोक्याबरोबर श्वासपटल आकसतं. असा घोडा पुढे न्यायचा नाही. दोन, पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे कडक, चालायला नकार आणि कॉफीच्या रंगाची लघवी. स्नायूंच्या पेशी फुटल्याचं हे लक्षण आहे. अशा घोड्याला ‘मोकळं व्हावं’ म्हणून चालवू नका, आहे तिथेच उभा ठेवा आणि पशुवैद्यांना बोलवा. तीन, पोटशूळ: खाणं टाकणं, वळून कुशीकडे पाहणं, वरचा ओठ मुडपणं, जमीन खरवडणं. यातलं काहीही दिसलं तर स्वतःच्या पेटीतलं वेदनाशामक काढू नका. स्पर्धेत ते निषिद्ध तर आहेच, शिवाय त्याने लक्षण झाकलं जातं.

बाद झाल्यावर, आणि शेवटच्या रेषेनंतर

घोडा बाद झाला तर कार्डावर कारण लिहिलं जातं, चालीसाठी जीए, शरीराच्या अंतर्गत स्थितीसाठी एमई. चालीमुळे बाद झालेला घोडा बहुधा विश्रांतीने सावरतो. एमई मिळालेला घोडा मात्र उपचार केंद्रात नेऊनच दाखवा, तो उभा राहून गवत चघळत असला तरी. शिरेवाटे द्रव लवकर सुरू झाले तर त्याचा निभाव लागतो. पशुवैद्यांशी हुज्जत घालण्यात गेलेला प्रत्येक मिनिट घोड्याच्या वाट्याचा असतो. आणि पुढे जाऊ नये असं तुम्हाला स्वतःला वाटलं, तर पशुवैद्यांनी पास केलं असलं तरी तिथेच थांबा. असा स्वार माझ्या लेखी उत्तम स्वार.

पहिला येणंही शेवटच्या तपासणीवरच ठरतं. रेषा सर्वांत आधी ओलांडून ६६ ठोके दिसले तर निकालात नाव नाही. कॅलिफोर्नियातली १०० मैलांची टेविस कप शर्यत १९५५ मध्ये सुरू झाली. तिथे १९६४ पासून हॅगिन कप नावाचं वेगळं पारितोषिक आहे. पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी जो सर्वांत उत्तम स्थितीत असेल त्याला ते मिळतं. तिथल्या अनेक स्वारांना ते विजेतेपदाइतकंच मोलाचं वाटतं, आणि मलाही तसंच वाटतं.

तपासणी संपली म्हणून घोड्याला लगेच गाडीत चढवू नका. त्या रात्री दर दोन-तीन तासांनी जाऊन पाहा: खातो आहे का, पाणी किती उतरलं, लीद पडली का, लघवीचा रंग काय. मंदावलेली आतडी आणि दुखावलेले स्नायू बऱ्याचदा काही तासांनंतरच त्रास देऊ लागतात. सकाळी त्याला कदमावर थोडं फिरवा, मग दहा पावलं दुडकीने, पायांवरून हात फिरवून गरम जागा आणि सूज शोधा. ठोके मोजा. ते घरच्या आकड्यावर आले असतील तर वहीत लिहा आणि मग प्रवासाचं बघा. नसतील तर आणखी एक दिवस तिथेच थांबा.